शटलचं नाक

नवा चष्मा घेऊन दुकानाबाहेर पडलो आणि रस्ता ओलांडायला पाऊल उचललं, तेवढ्यात वरून कुठून तरी आईचं मशीन चालल्याचा आवाज आला. शिलाई मशीन चालल्याचा नव्हे, आईचं मशीन चालल्याचा. पाऊल तसंच अधांतरी राहिलं. मागून एक स्कूटरवाला ओरडला, "काका, झोपायचं असेल तर घरी जाऊन झोपा!" मी मागे सरलो आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. समोर तीन मजली जुनी इमारत, खाली झेरॉक्सचं दुकान, वर उघड्या खिडक्या. कुठल्याही पायमशीनचा खट् खट् खट् असा आवाज असतो, तो होताच. पण त्याच्या पोटात, दर टाक्यामागे, जिभेने टाळूवर मारावं तसं एक बारीक टिक्. खट् टिक्, खट् टिक्. वेग वाढला की टिक् मागे पडायचं आणि वेग उतरला की धावत येऊन खट्ला गाठायचं. हा आवाज मी त्रेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. माझ्या घरात एकतीस शिलाई मशीनं आहेत, त्यांतलं एकही टिक् करत नाही. मी तपासून पाहिलंय.

एकतीस हा आकडा ऐकला की लोक हसतात. माझी बायको हसत नाही. "एखादी सवत आणली असती तर परवडलं असतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "तिला निदान झाडायला तरी लावलं असतं." हॉलमध्ये सात आहेत, झोपायच्या खोलीत पलंगाखाली नऊ, बाकीची गॅलरीत प्लास्टिक पांघरून उभी. पायमशीनं, हातमशीनं, एक मोच्याचं लांब मानेचं, एक पोरीच्या खेळण्यातलं पण खरंखुरं शिवणारं. शिवाय डबे. कापड दाबून चुण्या पाडायची फुटं, काठ दुमडायची फुटं, काज करायची पेटी, दोरी भरायचं फूट, आणि ज्यांचा उपयोग आता कुणालाच सांगता येत नाही असे चिमटे. विमा कचेरीत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासले, त्यातून सुटलो की संध्याकाळी रॉकेलच्या परातीत हात घालून बसायचं. गंजून दगड झालेलं मशीन दोन-चार दिवस रॉकेल आणि तेल पिऊन एका क्षणी सैल पडतं, चाक अर्धा इंच हलतं, तेव्हा जो आनंद होतो तो मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. लोकांना वाटतं म्हातारा छंदिष्ट आहे. छंद नंतर लागला. आधी मी नुसता शोधत होतो.

आई गेली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. बाबा आधीच गेलेले. सोमवारी मला परगावी नोकरीवर रुजू व्हायचं होतं, आणि घरमालकाला दोन्ही खोल्या रविवारी संध्याकाळपर्यंत रिकाम्या हव्या होत्या. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती तिच्या घरी बाळंतपणातून नुकती उठलेली, तिला येता आलं नाही. मी एकटा होतो आणि मला त्या खोल्यांतून लवकर बाहेर पडायचं होतं, हेच खरं. भंगारवाला आला. खाट, फडताळ, पितळेचा बंब, मशीन. त्याने मशीनवर नुसती थाप मारली आणि दोघांनी उचलून ते जिना उतरवलं. उतरताना त्याचं चाक आपोआप फिरत होतं आणि सुई वरखाली होत होती. मी तेव्हा सामान बांधत होतो. महिन्याने ताई माझ्या नव्या खोलीवर आली, कडेवर बाळ, आणि दारातच तिने विचारलं, "मशीन कुठंय?" आईबद्दल नाही, शेवटच्या दिवसांबद्दल नाही. मी सांगितलं. ती आतही आली नाही. दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही.

तिचंही बरोबर होतं. ताईने त्या मशीनवर वयाच्या नवव्या वर्षापासून आईच्या मांडीला मांडी लावून काम केलं. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, शेजारणींचे परकर, दवाखान्याचे पडदे. आईचे हात कपड्यावर आणि ताईचे पाय पावडीवर, अशा त्या दोघी मिळून शिवायच्या आणि मी खाली बसून चिंध्या गोळा करायचो. घरात बोलणं फार नसायचं. बाबा आले की आवाज बंद व्हायचा, ते जेवून झोपले की परत चालू व्हायचा. मला झोप यायची ती त्या आवाजात. पुढे ताई बोलायला लागली, नातं काही तुटलं नाही, पण तिचं प्रत्येक पत्र आणि नंतर प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपायचा, "मशीनचं काय?" सुरुवातीला त्यात राग असायचा. मग सवय झाली. गेल्या वर्षापासून मात्र तो आवाज बदलला. तिच्या डोळ्यांची नस सुकत चालली आहे आणि डॉक्टरांनी हात टेकले आहेत. "आता उजेड आणि सावली एवढंच कळतं रे," ती मागच्या महिन्यात म्हणाली. "तेही जायच्या आत एकदा त्यावर बसू दे मला. सुईत दोरा ओवता नाही आला तरी चालेल, तू ओव." मी म्हणालो, शोधतोच आहे. शोधतच होतो. जुन्या बाजारांत, बंद पडलेल्या शिवणवर्गांत, वारलेल्या शिंप्यांच्या माळ्यांवर. काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेली, आणि पाट्यावर डाव्या हाताला, जिथे आईचं मनगट घासायचं तिथे, वेल उडून गेलेली. एवढंच माझ्याजवळ होतं. मशीनला नंबर असतो, तो मी कधी पाहिलाच नव्हता.

आणि टिक्. ते टिक् माझंच पाप. त्या जातीच्या मशीनमध्ये खालचा दोरा गोल डबीत नसतो, तो असतो शटलमध्ये. बोटाएवढं लांब पोलादी शटल, एका टोकाला निमुळतं, आत बारीक बॉबिन. ते दर टाक्याला मागेपुढे पळतं आणि आपल्या नाकाने वरच्या दोऱ्याचा फासा उचलतं. मला ती होडी वाटायची. सहा वर्षांचा असेन, आई आंघोळीला गेली तेव्हा सरकपट्टी ओढून मी ते काढलं आणि बादलीत सोडलं. होडी सरळ तळाशी गेली. घाईने काढताना ओल्या हातातून निसटलं आणि नाकावर फरशीला आपटलं. नाकाला खळगा पडला. नवं शटल मिळण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी मार बसेल म्हणून मी खाटेखाली जाऊन बसलो, पण आईने मारलं नाही. तिने बाबांचा वस्तऱ्याचा दगड काढला, त्यावर तेलाचा थेंब टाकला आणि दुपारभर ते नाक घासत बसली. थोडं घासायचं, जिभेला लावून बघायचं, परत घासायचं. ताई म्हणाली, "अगं, अजून बारीक खड्डा आहे." आई म्हणाली, "राहू दे तेवढा. आणखी घासलं तर नाकच जाईल." तेव्हापासून मशीन टिक् करायला लागलं. पाहुणे विचारायचे, हे काय वाजतंय? आई म्हणायची, "आमच्या चिरंजीवांची होडी."

रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही. जिना लाकडी, मधल्या वळणावर कुणाच्या तरी सायकली टांगलेल्या. डोक्यात एकच चाललं होतं की ताईला फोन करताना पहिलं वाक्य काय बोलायचं. दुसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. आत कापडाचे गठ्ठे, निळ्या जाड पडद्यांचा ढीग, खिडकीपाशी मशीन आणि मशीनवर एक पन्नाशीची बाई. तिने मान वर केली आणि तोंडभर हसली. "अगंबाई, मशीनवाले काका! तुम्हाला कसं कळलं मी इथं राहायला आले ते?"

पडदेवाल्या बाई. नऊ वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या त्यांच्या जुन्या जागेतून सासूबाईंचं मशीन माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. समोर तेच होतं. लाल गुलाबांचं, माझ्याच हातांनी पॉलिश केलेलं, पट्टा मीच बदललेला. सोनेरी वेली नाहीत, घासलेली जागा नाही. हे आईचं मशीन नव्हतं आणि कधीच नव्हतं. पण पाय खाली गेला की ते टिक् करत होतं.

"हा आवाज," मी म्हणालो. "हा कधीपासून येतोय?"

"तुम्ही दुरुस्त करून दिलंत तेव्हापासूनच की. तुम्ही हाताने चाक फिरवून दोन टाके बघितलेत आणि दिलंत, मी घरी चालवल्यावर फोनवर विचारलंही होतं. तुम्ही न ऐकताच म्हणालात, शटल दुसऱ्या मशीनचं घातलंय, वाजेल पण दगा देणार नाही." त्या हसल्या. "नाही दिला हो."

"जरा बघू?"

"बघा, पण मोडून ठेवू नका. संध्याकाळी हॉटेलवाल्याला सगळे पडदे द्यायचेत." त्या उठून पाणी आणायला गेल्या. मी स्टुलावर बसलो, सरकपट्टी मागे ओढली आणि शटल उचललं. नव्या चष्म्यातून सगळं फार स्पष्ट दिसत होतं. नाकाच्या एका अंगाला सपाट घासलेला भाग, काठाशी गुळगुळीत, आणि त्याच्या मधोमध मोहरीएवढा खळगा. मी त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा अंगठा फिरवला. आणि मला हिरवं मशीन आठवलं.

ते मला भंगारबाजारातल्या मामाने दिलं होतं. सगळा बाजार त्याला मामा म्हणतो, मीही म्हणतो, तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे. टेम्पोतून पडून मान तडकलेली, आणि अंगावर कुण्या दळभद्र्याने खिडक्यांना लावतात तो हिरवा ऑइलपेंट फासलेला. चाकाला, पाट्याला, नंबराच्या पट्टीलासुद्धा. "काका, हे जगायचं नाही," मामा म्हणाला, "सुट्या भागांना घेऊन जा." आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. एक मारायचं आणि त्यावर चार जगवायची. अशा मशीनकडे कुणी मशीन म्हणून बघत नाही. ते चालवून बघायचाही प्रश्न नसतो, जाम झालेलं असतं. मी गॅलरीत बसून एका दुपारी ते सोडवलं. सुईचा दांडा एका शिंप्याला गेला. चाक मुलींच्या शाळेतल्या मशीनला बसलं. दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या कुठे गेल्या ते आता देवालाच ठाऊक. पावडी मी स्वतःच्या हॉलमधल्या मशीनला लावली, तिच्यावर माझी बायको फुलांची कुंडी ठेवते. उरलेलं धूड मामाला परत दिलं, त्याने ते फोडून भट्टीत घातलं असणार. त्या हिरव्या रंगाखाली काय आहे ते बघायला एक चिंधी आणि चार थेंब थिनर पुरेसं होतं. मी ते केलं नाही, कारण मी काळं मशीन शोधत होतो. आणि हे शटल. हे हातात आलं तेव्हा मी भिंगाखाली धरलं होतं, मला नीट आठवतं. बायकोला हाक मारून दाखवलंही होतं. "बघ, काय घासलंय! कुणी केलं असेल त्याचा हात बसलेला होता." ती म्हणाली होती, "तुम्हाला येईल का असं?" आणि मी म्हणालो होतो, "नाही." आईचं मशीन ओळखायला मी बाजार पालथे घातले, आणि आईचं काम हातात आलं तेव्हा त्याची तारीफ करून दुसऱ्याला देऊन टाकलं.

बाईंनी पाणी आणलं. मी ते घटाघटा प्यालो आणि पेला हातातच धरून बसलो. लाज वाटत होती, आणि लाजेच्या मागोमाग एक विचार हळूच आत आला, तो मी लपवणार नाही. माझ्या घरी याच जातीची पाच मशीनं आहेत. त्यांतलं एक घ्यायचं, त्यात हे शटल टाकायचं, बाईंना बदल्यात माझ्याकडचं कोरं शटल द्यायचं. त्या खूशच होतील. पाट्यावर डाव्या हाताला पॉलिश पेपरने वेल उडवायची, ते तर मला डोळे मिटून येतं. आणि ताईला तिथे नेऊन बसवायचं. ती हात फिरवेल, पावडी दाबेल, टिक् ऐकेल. तिला दिसतच नाही. कुणाचं काय बिघडणार होतं? ती चार अश्रू ढाळेल, मी त्रेचाळीस वर्षांतून मोकळा होईन. इतका सोपा मार्ग होता की माझं मलाच नवल वाटलं. मी तिथेच फोन काढला. घरी गेलो असतो तर बायकोच्या तोंडाकडे बघून धीर झाला नसता.

"ताई," मी म्हणालो. "सापडलं."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "खरं?" ताई म्हणाली. शहात्तर वर्षांची बाई, पण आवाज फ्रॉकमधल्या पोरीचा. "अरे, कुठे होतं? कुणाकडे होतं इतकी वर्षं? नीट ठेवलं होतं ना त्यांनी?"

तिने दुसरं काहीही विचारलं असतं तर मी निभावून नेलं असतं. वेल उडालीय का विचारलं असतं, टिक् करतं का विचारलं असतं. नीट ठेवलं होतं ना, असं तिने विचारलं आणि मला पुढचं खोटं बोलता आलं नाही. "माझ्याकडेच होतं," मी म्हणालो. "नऊ वर्षांपूर्वी आलं होतं, ताई. हिरवा रंग लावला होता कुणीतरी. मी ओळखलं नाही. मी ते मोडलं." मग सगळंच बाहेर आलं. मान तडकली होती ते, गॅलरी, शाळा, शिंपी, कुंडी, भट्टी. तिला फसवायचं मनात आलं होतं तेही सांगून टाकलं. पडदेवाल्या बाई पडद्याचा काठ हातात धरून उभ्या होत्या आणि खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवत होत्या.

दोन वर्षांचा अबोला मला आठवत होता, आणि आता आम्हा दोघांकडे तेवढी वर्षं धरून चालण्याची सोय नाही हेही कळत होतं. मला तिची भीती वाटली, लहानपणी वाटायची तशी.

"काखेत कळसा," ती शेवटी म्हणाली, आणि पुढचं म्हणालीच नाही. श्वास घेतला. "गाढवा. तुला तेव्हाही बाहेरूनच बघायची सवय होती."

"हो."

"आता काय काय उरलंय त्याचं?"

"पावडी घरी आहे. आणि शटल इथे, एका बाईंच्या मशीनमध्ये. त्या पडदे शिवतात."

"चालतंय?"

"रोज चालतंय."

"ऐकव."

मी बाईंकडे बघितलं. काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी माझ्या हातातून शटल घेतलं, बसवलं, पट्टी सरकवली, निळ्या पडद्याचा काठ फुटाखाली घेतला आणि पाय दिला. मी फोन मशीनच्या पाट्याला टेकवून धरला. खट् टिक्, खट् टिक्. बाईंचा हात चांगला होता, कापड ओढत नव्हत्या, नुसतं वाट दाखवत होत्या. लांब सरळ काठ, थांबायचं कारण नव्हतं. मी खाली वाकून बसलो होतो, माझं तोंड चाकाच्या बरोबरीला आलेलं, तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास नाकात, आणि मला खूप रडू आलं. नवा चष्मा काढून खिशात ठेवला. फोनमधून आवाज येत नव्हता. मला वाटलं लाइन तुटली असेल, किंवा तिने ठेवून दिला असेल, आणि ठेवला असेल तर ठेवू दे असंही वाटलं. तरी मी हात हलवला नाही. पडद्याचा काठ सरकत सरकत घड्या होऊन जमिनीवर पडू लागला.

"थांबव तिला," ताई एकदम म्हणाली. इतक्या जोरात, की बाईंनीही ऐकलं आणि चाकावर हात ठेवला. "खालचा दोरा संपलाय."

त्यांनी दाब उचलला आणि पडदा वर केला. काठ दुमडलेला होता तसाच उलगडला. वीतभर, दोन विती, मग हातभर. वरून टाके दिसत होते, खालून काहीच धरलं नव्हतं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "मी बसलेय मशीनवर, आणि मला कळलं नाही. कोण आहेत या?"

"माझी ताई," मी म्हणालो. "तिला दिसत नाही."

बाईंनी निळ्या दोऱ्याचं रीळ माझ्या हातात दिलं. मी शटल काढलं, त्यातलं रिकामं बॉबिन काढलं आणि भरायच्या चकतीवर लावायला गेलो, पण चष्मा खिशातच होता, दोरा गुंडाळलाच जाईना. दोनदा निसटला.

"काय झालं? भरतोस ना?" फोनमधून ताई म्हणाली.

"भरतोय. थोडा वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली. "मी फोन धरून बसते."